बेअरिंगचा नंबर

जुन्या मोटारी घरच्या घरी दुरुस्त व्हायच्या कारण त्या साध्या होत्या, असं सर्रास म्हटलं जातं. बॉनेट उघडलं की खालची जमीन दिसायची, चार पाने आणि एक स्क्रूड्रायव्हर पुरायचा. आता सगळं काँप्युटरच्या ताब्यात गेलं, तेव्हा माणसाने हात आखडता घेतला, अशी ही मांडणी. कार्ब्युरेटर किंवा डिस्ट्रिब्युटर डोळ्यांपुढे असेल तर ती पटतेही. चाकाच्या बेअरिंगपाशी मात्र ती अडते, कारण बेअरिंग ही साधी वस्तू कधीच नव्हती. साधारण एक टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम असलेलं कठीण पोलाद, मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी फरकाने गोल घासलेले गोळे, आरशासारख्या गुळगुळीत कड्या: हे काम गावच्या लोहाराच्या भात्यावर, किंवा शहरातल्या चांगल्या लेथवरसुद्धा होणारं नाही. मोटारीतल्या अतिशय अचूक भागांपैकी हा एक. आणि तरीही सोसायटीच्या आवारात, वाड्याच्या बोळात, रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडखाली तो दुपारभरात बदलला जात असे. ही विसंगती सुटली पाहिजे. माझं म्हणणं असं आहे की घरच्या दुरुस्तीची ताकद साधेपणातून आली नव्हती. ती कारखान्यातल्या अचूकपणातून आणि साऱ्या जगाने मान्य केलेल्या मापांतून आली होती. ती आटली, तीही मोटार गुंतागुंतीची झाली एवढ्यामुळे नव्हे.

आधी काम काय आहे ते पाहू. ज्या गाडीचं इंजिन मागची चाकं फिरवतं, तिची पुढची चाकं स्वतंत्रपणे एका स्थिर दांडीवर फिरतात. फियाट, अॅम्बॅसॅडर या दोघींचंही मूळ तंत्र हेच. दांडीवर हब, हबच्या पोटात दोन बेअरिंगं: आतलं मोठं, बाहेरचं लहान. झिजलं की वेगाबरोबर चढत जाणारी घरघर ऐकू येते. वळणावर गाडीचा भार बाहेरच्या चाकावर जातो, म्हणून डावीकडे वळताना आवाज वाढला तर संशय उजव्या चाकावर. गाडी जॅकने उचलून घोडीवर टेकवायची, चाक वरखाली धरून हलवायचं, प्ले हाताला कळतो. मग ग्रीसची टोपी, स्प्लिट पिन, नट, वॉशर, आणि ड्रमसकट हब बाहेर. जुनं ग्रीस रॉकेलने धुतलं की कडीवरचे खड्डे दिसतात: पोलाद वर्षानुवर्षं दाबलं जाऊन पृष्ठभागाच्या किंचित खालून तडकतं आणि त्याचे टवके उडतात. हबमध्ये घट्ट बसलेली बाहेरची कडी पंचाने आळीपाळीने चारी बाजूंनी ठोकून काढायची. नवी बसवताना तिच्यावर जुनीच कडी ठेवून ठोकली तर तिचं तोंड वाकडं होत नाही. तळहातावर ग्रीस घेऊन ते रोलरांच्या मधून वर येईपर्यंत दाबायचं, नवं ऑइल सील लावायचं, हब चढवायचं. शेवटचा टप्पा सगळ्यांत नाजूक. चाक फिरवत फिरवत नट आवळायचा, मग किंचित सैल सोडायचा, आणि पिनची खाच जुळवायची. शंकूसारख्या रोलरांच्या बेअरिंगमध्ये येथे ठेवायची मोकळीक मिलिमीटरच्या शतांशांत मोजावी एवढी असते. जास्त आवळलं तर ते तापून जळतं, सैल राहिलं तर चाक डुलतं.

या यादीत एकही हत्यार असं नाही जे तालुक्याच्या गावी मिळणार नाही. अवघड असं जे होतं ते बेअरिंग हातात येण्यापूर्वीच कुणीतरी करून ठेवलं होतं. ही विभागणी अगदी अलीकडची आहे. बैलगाडीचा तुंबा, आरे, धाव, कणा हे सगळं गावचा सुतार आणि लोहार मिळून घडवत. वंगण घालणं रोजचं, चाक अडवणारी खीळ निसटली की नवी घडवणं तासाभराचं. ही घरची दुरुस्तीच होती, पण तिचा आधार वेगळा होता. चाक ज्याने बनवलं तो शेजारीच राहत होता. एका गावच्या सुताराचा तुंबा दुसऱ्या गावच्या कण्यावर बसेलच अशी खात्री नसे, आणि ती लागतही नसे. बनवणारा दूर गेला की ही व्यवस्था संपते. मोटारीचा बनवणारा तर सुरुवातीपासून समुद्रापलीकडे होता. मग इथला मिस्त्री तिची चाकं कशाच्या जोरावर उघडत होता?

उत्तरासाठी थोडं मागे जावं लागतं. गाडीच्या आसात गोळे बसवण्याचं पेटंट वेल्समधल्या कार्मार्थनच्या फिलिप वॉन यांनी १७९४ मध्येच घेतलं होतं. कल्पना उत्तम, पण सारख्या आकाराचे गोळे करणार कोण? एक गोळा केसभर मोठा निघाला तर सगळा भार त्याच्यावर पडतो आणि तोच आधी फुटतो. पुढच्या पाऊण शतकात या कल्पनेने फारशी मजल मारली नाही. १८६९ मध्ये पॅरिसच्या ज्यूल सुरिरे यांनी सायकलसाठी बॉल बेअरिंगचं पेटंट घेतलं आणि त्याच वर्षी पॅरिस ते रुआँ ही शर्यत जेम्स मूर यांनी तशा बेअरिंगांच्या सायकलवर जिंकली. खरा पालट झाला तो १८८३ मध्ये, जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट गावी फ्रीडरिश फिशर यांनी पोलादी गोळे एकसारखे घासणारं यंत्र तयार केलं तेव्हा. शोध बेअरिंगचा म्हणून गाजतो, पण निर्णायक शोध गोळे घासण्याच्या यंत्राचा होता. १८९८ मध्ये सेंट लुईसचे बग्गी बनवणारे हेन्री टिमकेन यांनी शंकूच्या आकाराच्या रोलरांचं पेटंट घेतलं. असं बेअरिंग खालून येणारा भार आणि वळणावर आडवा येणारा रेटा दोन्ही पेलतं, आणि एकच नट आवळून त्याची मोकळीक ठरवता येते. हा दुसरा गुण पुढे घरच्या दुरुस्तीच्या कामी आला.

मोटारींच्या पहिल्या पिढीत अचूकपणाची किंमत काय होती ते कॅडिलॅकच्या हेन्री लीलंड यांच्या आग्रहावरून कळतं. हायट कंपनीची बेअरिंगं मापात नेमकी नाहीत म्हणून त्यांनी तिचे तरुण प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांना चांगलंच सुनावलं होतं. हेच स्लोन पुढे जनरल मोटर्सचे सर्वेसर्वा झाले आणि हा धडा त्यांनी स्वतः नोंदवून ठेवला. त्या आग्रहाचं फळ १९०८ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रुकलंड्सच्या मैदानावर दिसलं. रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली तीन कॅडिलॅक पूर्ण सुट्या केल्या गेल्या, तिन्हींचे भाग एकमेकांत मिसळले गेले, काही भाग काढून त्यांच्या जागी दुकानातले सुटे भाग घातले गेले, आणि मग पाने व स्क्रूड्रायव्हर यांच्यावर तिन्ही गाड्या पुन्हा उभ्या राहिल्या. कुठे कानस चालवावी लागली नाही. त्यानंतर त्या प्रत्येकी ५०० मैल धावल्या. कॅडिलॅकला त्याबद्दल ड्यूअर करंडक मिळाला. माझ्या मते घरच्या दुरुस्तीच्या इतिहासात या घटनेला जेवढं स्थान मिळायला हवं तेवढं मिळालेलं नाही. नुसता पाना पुरतो, ही स्थिती मोटारीत जन्मजात नव्हती. ती कारखान्यात कष्टाने मिळवलेली होती. त्याआधीच्या गाड्या दिसायला कितीही सोप्या असोत, त्यांचा नवा भाग कानशीने घासूनच बसवावा लागे, म्हणजे कारागीर लागेच.

बेअरिंग याच्याही एक पाऊल पुढे गेलं. कॅडिलॅकचा भाग दुसऱ्या कॅडिलॅकला बसला. बेअरिंग मात्र कोणत्याही कंपनीचं कोणत्याही कंपनीच्या गाडीला बसू लागलं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्पादकांनी बाहेरची मापं एकत्र आणली आणि पुढे ती आंतरराष्ट्रीय मानकं झाली. आजही दुकानदाराला ६२०५ म्हटलं की पुरतं. आतलं भोक २५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ५२, रुंदी १५. शेवटचे दोन आकडे पाचाने गुणले की भोकाचं माप मिळतं, ही खूण शाळा अर्धवट सुटलेल्या पोऱ्यालाही पाठ असते. ३०२०५ म्हटलं की तोच व्यास, पण शंकूच्या रोलरांचं. स्वीडनमधलं योतेबोरी, जर्मनीतलं श्वाइनफुर्ट, अमेरिकेतलं कँटन, जपान, जयपूर, चिंचवड. बनलेलं कुठलंही असो, नंबर तोच आणि माप तेच. दुसऱ्या महायुद्धात १९४३ च्या ऑगस्ट आणि ऑक्टोबरमध्ये अमेरिकन विमानांनी श्वाइनफुर्टच्या बेअरिंग कारखान्यांवर हल्ले केले आणि दोन्ही वेळा साठच्या घरात बॉम्बफेकी विमानं गमावली. एवढी किंमत मोजूनही जर्मनी थांबली नाही, याच्या कारणांत तटस्थ स्वीडनमधून येणारा मालही होता. ब्रिटनही त्याच स्वीडनमधून विमानाने बेअरिंगं आणत होतं. माप एक असलं की माल कुठूनही येतो, हे युद्धातल्या दोन्ही बाजूंना कळलेलं होतं.

आपल्याकडची हकिकत याच पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. मूळचे सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून क्रायस्लर समूहाच्या गाड्या जुळवून बाहेर पडू लागल्या. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा जुळणीचा कारखाना तर १९२८ पासून होता. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनंतर सरकारने ठरवलं की केवळ जुळणी करणाऱ्यांना इथे जागा नाही, भाग इथेच बनले पाहिजेत. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. प्रीमियरने फियाट ११०० धरली. १९६४ मध्ये ११०० डी हे मॉडेल आलं, १९७४ मध्ये त्याचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं, आणि शतक संपेपर्यंत तीच गाडी थोड्याफार फरकाने बनत राहिली. बेअरिंगांचंही तसंच. जयपूरला नॅशनल इंजिनिअरिंग इंडस्ट्रीज १९४६ मध्ये स्थापन झाली. साठच्या दशकात चिंचवडला एसकेएफ या स्वीडिश कंपनीच्या सहकार्याने असोसिएटेड बेअरिंग कंपनी आणि वडोदऱ्याला प्रिसिजन बेअरिंग्ज उभी राहिली. मुंबईत नागदेवी स्ट्रीट आणि पुण्यात नाना पेठ इथल्या दुकानांतून हा माल गॅरेजांपर्यंत पोचू लागला. गाडीच्या कंपनीला विचारायची गरज उरली नाही. परवान्यांच्या काळाबद्दल बोलताना आपण नव्या गाडीसाठीची वर्षानुवर्षांची प्रतीक्षा आठवतो, आणि ते योग्यच आहे. पण त्याच बंदिस्त बाजारात एकच मॉडेल दशकानुदशकं टिकल्यामुळे आणि बेअरिंग मात्र खुल्या मापाचं असल्यामुळे दुरुस्तीची विद्या भराभर पसरली. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ची होती, आणि वीस वर्षांची मर्यादा भरल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ ला तिची जात रस्त्यावरून उतरली. बनवणारा कारखाना त्यापूर्वी कित्येक वर्षं बंद होता. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून जाताना तापलेलं हब एकदम थंड होतं, आतली हवा आकसते आणि सील थकलेलं असेल तर पाणी आत ओढलं जातं. मुंबईच्या टॅक्सीची बेअरिंगं अशी वरचेवर जायची. तरी ती बंद पडून राहिली नाही, कारण जे गेलं होतं ते मुळात प्रीमियरचं नव्हतंच.

यावर पहिला आक्षेप असा येईल की मी मिस्त्रीचं श्रेय मापांना देतो आहे. गाडी टिकवली ती त्याच्या हातांनी, नंबरांनी नव्हे. या आक्षेपात मोठं तथ्य आहे. नट किती सोडायचा हे कोणत्याही तक्त्यापेक्षा त्याचा हात नेमकं सांगत असे, आणि तेवढ्यावर बेअरिंगचं आयुष्य ठरे. पण हे कौशल्य एवढं नेमकं का झालं तेही पाहावं. भाग अचूक आला म्हणून त्याचं सारं लक्ष शेवटच्या त्या मोकळिकीवर एकवटू शकलं. योग्य भाग नसतो तेव्हा काय होतं हेही टंचाईने दाखवलं आहे: झिजलेल्या दांडीवर पत्र्याची पट्टी गुंडाळणं, सैल कडी पंचाने ठिपके मारून धरवणं, जुन्याच बेअरिंगमध्ये घट्ट ग्रीस भरून आवाज दडपणं. या युक्त्यांचं कौतुक करण्याची आपल्याला सवय लागली आहे. मला ते कौतुक मिस्त्रीवर अन्याय करणारं वाटतं. तो या युक्त्या नाइलाजाने करत होता आणि गिऱ्हाईक पुन्हा येणार हे त्याला माहीत होतं. त्याचं खरं कसब दिसतं ते नव्या बेअरिंगला हात लावताना, ज्या स्वच्छ फडक्यावर तो ते ठेवतो त्यात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. माप सर्वांना खुलं असेल तर ते लबाडालाही खुलं असतं. ६२०५ हा आकडा कुणीही कोरू शकतो, नामांकित कंपनीच्या खोक्यासकट. नकली बेअरिंग बसतं बरोबर, फक्त टिकत नाही, आणि ते पुढच्या चाकात असेल तर प्रश्न पैशांपुरता राहत नाही. हे मान्य करूनच पुढे गेलं पाहिजे. नंबर भोकाचं आणि व्यासाचं आश्वासन देतो; पोलाद कसं आहे, उष्णतेची प्रक्रिया नीट झाली का, याबद्दल तो मौन बाळगतो. म्हणून या व्यापारात ओळखीच्या दुकानाला एवढं महत्त्व आलं. घरी काम करणाऱ्याने जपायच्या गोष्टीही खऱ्या आहेत. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालू नये, जुन्या ब्रेक शूजमध्ये अॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असल्याने ड्रममधली धूळ फुंकू नये, काढलेली स्प्लिट पिन पुन्हा घालू नये. पण नकली मालाचा उपाय मापं बंद करणं हा नव्हे. ज्या गाड्यांचे भाग फक्त कंपनीकडेच मिळतात त्यांच्याही नकला बाजारात असतातच, आणि मूळ भाग महाग असल्याने नकलेचा मोह तिथे उलट वाढतो.

मग बदललं काय? डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि तिच्याबरोबर पुढची चाकं फिरवणारं इंजिन घरोघर पोचलं. जिथे स्थिर दांडी होती तिथून आता फिरता शाफ्ट जाऊ लागला, म्हणून बेअरिंग स्टीअरिंग नकलच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या भागाच्या, भोकात प्रेसने बसवावं लागलं. ते काम टनांच्या जोराचं, हातोडीने केलं तर गोळ्यांचे ठसे कड्यांवर उमटतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून घरघरतं. इथे आवारातली दुरुस्ती प्रेस असलेल्या वर्कशॉपकडे गेली. तरीही नंबर होता, माप होतं. त्यानंतरची पायरी निर्णायक ठरली: बेअरिंग, हब आणि चाकाचे बोल्ट बसण्याची चकती हे सगळं मिळून एकच बंद नग. त्यात ग्रीस आयुष्यभराचं, मोकळीक कारखान्यात ठरवलेली, आणि पुढे एबीएस आल्यावर वेग मोजण्याची चुंबकी पट्टीही सीलमध्येच. हा नग बदलणं खरं तर सोपं आहे. शाफ्टचा मोठा नट आणि मागचे तीन-चार बोल्ट काढले की तो बाहेर येतो, प्रेस लागत नाही, हाताचा अंदाज लागत नाही. म्हणजे साधेपणा हरवला असं म्हणताच येत नाही; कामाच्या दृष्टीने तो पूर्वीपेक्षा वाढला. हरवला तो नंबर. चकतीचा व्यास, भोकांची संख्या, पट्टीची रचना मॉडेलगणिक वेगळी, कधी एकाच मॉडेलच्या दोन वर्षांत वेगळी. जगाचं असलेलं माप त्या एका गाडीचं झालं.

नवे नग चांगले आहेत, हा तिसरा आक्षेप मी पूर्णपणे स्वीकारतो. पाणी आणि धूळ यांना ते सहजी दाद देत नाहीत, चुकीच्या आवळण्याने जळत नाहीत, आणि दर काही हजार किलोमीटरमागे ग्रीस भरण्याची कटकट संपली. ज्याला गाडी फक्त चालवायची आहे त्याला हा निखळ फायदा आहे. पण हा फायदा सील, पोलाद आणि कारखान्यातल्या जुळणीतून आलेला आहे. चकतीची भोकं प्रत्येक मॉडेलला निराळी असण्यातून तो आलेला नाही. बंद नगाचीही मापं एक करता आली असती, जशी टायरांची आणि रिमांची आजही बऱ्याच अंशी आहेत. वजन आणि जागा वाचवण्यासाठी प्रत्येक गाडीचं हब तिच्या सस्पेन्शनबरोबर आखावं लागतं, हे अभियंत्यांचं म्हणणं काही मर्यादेत खरं मानावं. बाकी फरक सोयीचे आहेत, आणि ती सोय विकणाऱ्याची आहे.

हा प्रश्न केवळ जुन्याच्या आठवणीचा असता तर खुलं माप आज कुठेच दिसलं नसतं. पश्चिम महाराष्ट्रात गाळपाचा हंगाम सुरू झाला की ऊस वाहणाऱ्या टायरगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात. त्यांच्या हबमध्ये बाजारात नंबरावर मिळणारी बेअरिंगं असतात, नव्या बनलेल्या ट्रॉलीतही. कारखान्याच्या वाटेवर चाक धरलं तर तिथेच उघडतात. उलट, ऐन भरातल्या एखाद्या मोटारीचं मॉडेल बंद पडलं की दहा वर्षांनी तिच्या हबचा नग शोधायला भंगार बाजार पालथा घालावा लागतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात एक पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही त्यातली चार क्षेत्रं. कंपन्यांनी माहितीपुस्तिका, सेवा केंद्रांचे पत्ते आणि सुट्या भागांची माहिती द्यावी ही अपेक्षा रास्तच आहे. पण माहितीपुस्तिकेने भाग मिळत नाही. हबच्या नगाची बसण्याची मापं जाहीर करा, मॉडेल बंद झाल्यावर ती कुणालाही वापरू द्या, आणि जिथे शक्य आहे तिथे दोन-चार ठरावीक चकत्यांवर या, अशी मागणी त्या समितीपुढे वाहनांच्या यादीत सर्वांत आधी मांडायला हवी. चिंचवड आणि जयपूरसारख्या ठिकाणी हे नग बनवू शकणारे कारखाने आजही आहेत. त्यांच्या हाती नकाशा हवा.